हरलेल्यांचे संपतमामा

वडील गेले तेव्हा मी नुकता चालू लागलो होतो. मलकापूरपासून दीड कोसावर एक मळा आम्ही बटाईनं करत होतो. आई वांग्यामिरच्यांची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला पायी जायची. माझा थोरला भाऊ नामदेवदादा तिसरी शिकला आणि मोटेवर लागला. घरात धड सदरा एकच. तो घालून मी शाळेत जायचो आणि दादा उघड्या अंगानं बैल हाकायचा. "मोटीवर कोन पाह्यते मले, बापू?" मला म्हणायचा. त्याचं डोकं अभ्यासात चालत नव्हतं म्हणून शाळा सुटली, असं आई सांगे. मीही तेच खरं धरून वाढलो. पुढे अमरावतीच्या कॉलेजात गेलो. आमच्या गावातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही.

पण आज सांगायचं आहे ते संपतमामांचं. संपतमामा फक्त हरलेल्या माणसासाठी भाषण करत.

नात्यानं ते कुणाचेच मामा नव्हते. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. मलकापुरात एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते काट्यावर कापूस तोलत. दिवसभर वजनं ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता की कानात काही सांगायचं ठरवलं तरी ते स्टेशनावर ऐकू जाई. तोलणारा माणूस मोजताना 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मामांचं भाषणही तसंच चालायचं.

कुस्त्यांच्या दंगलीत जिंकणाऱ्याला फेटा बांधत, नारळ देत, त्याचं गाव त्याला खांद्यावर घेऊन नाचत सुटे. हरलेला मात्र अंगावरची माती न झाडताच धोतर गुंडाळून बाहेरची वाट धरी. तेवढ्यात मामा एखाद्या उभ्या बैलगाडीवर चढत आणि ओरडत, "थांब बे! तुह्यं राह्यलं!"

तो बिचारा थांबे. पळणार कुठे? आवाज वेशीपर्यंत पोचलेला असे.

"लाभ! हा पोरगा नांदुऱ्याहून पायी आला. दोन! याच्या मायनं पहाटं उठून याले भाकर बांधून देली. तीन! याचा लंगोट याच्या बहिनीनं शिवला. चार! याची पाठ मातीले लागली. लागू द्या. माती काय दुसऱ्याची हाय?"

ही एवढी माहिती मिळवणं सोपं नव्हतं. कोण हरणार हे आधी कळत नसल्यामुळे मामा सगळ्यांचीच भाषणं लिहून ठेवत. दंगलीच्या दिवशी सकाळीच कानावर पेन्सिल अडकवून, जिनातल्या जुन्या चिठ्ठ्या हातात घेऊन ते पैलवानांच्या मुक्कामावर जात. चिठ्ठीची मागची बाजू कोरी असे, तीवर लिहीत. मायचं नाव काय? घरी गाय हाय का म्हैस? वस्ताद कोन? पैलवानांना वाटे, मामांनी आपल्याला विचारलं म्हणजे आज आपलं काही खरं नाही.

"मामा, मले सोडा ना. त्या खामगाववाल्याले विचारा," असं एकानं माझ्यादेखत हात जोडून सांगितलं.

"त्याले विचारलं."

"मंग?"

"तो म्हने, तुले विचारा."

आमच्या तालमीचे वस्ताद तर उघड म्हणत, "मामा, तुमच्या भाषनाच्या भेवानं पोट्टे जिंकून राह्यले."

एका वर्षी दंगलीला तहसीलदारसाहेब अध्यक्ष होते. एक कुस्ती अर्धा तास चालून बरोबरीत सुटली. लोकांनी टाळ्या पिटल्या आणि पुढच्या जोडीला हाक गेली. मामा गाडीवर चढले.

"काऊन चढले मामा? कोन हारलं?" वस्ताद म्हणाले.

"दोघंही जितले नाहीत. म्हनजे दोघंही हारले."

मग दोघांचीही भाषणं झाली, एकामागून एक, दोघांच्या गायीम्हशींसकट. तहसीलदारसाहेबांनी तिसऱ्यांदा घड्याळ काढलं तेव्हा मामा गाडीवरूनच म्हणाले, "साहेब, तुमी जितलेले मानसं. तुमाले घाई असनारच." ज्या कुस्तीसाठी माणसं दहा कोसांवरून आली होती ती अंधार पडल्यामुळे त्या दिवशी झालीच नाही.

लोकल बोर्डाच्या निवडणुकीत एक वकील पडले. मामा त्यांच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. वकीलसाहेबांनी आतून कडी लावली. मामांनी बंद दारासमोर पूर्ण भाषण केलं, दाराला रामराम घातला आणि खाली उतरले. "ऐकत होता तो," मला म्हणाले. "कडी लावल्यानं कान बंद होत नाहीत."

अशा माणसाला सगळा तालुका हसायचा. मीही हसायचो. मग एका उन्हाळ्यात मी इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, नापास झालो.

निकालाचं वर्तमानपत्र मलकापूर स्टेशनावर आलं. माझा नंबर त्यात नव्हता. दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा शेजारच्या माणसाकडून पाहून घेतलं आणि मळ्याकडे चालत निघालो. आईला सांगितलं. ती वांगी तोडत राहिली. दादा "बरं" म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. मी मनाशी ठरवून टाकलं की आता कॉलेज पुरे. आईची मान आणि दादाची पाठ किती वर्षं वापरायची? जिनात कारकुनी मिळाली तर पाहावं.

मात्र एका गोष्टीची नापास होण्याहून जास्त धास्ती होती. मामांना कळणार. रविवारी गावात हुतूतूचा शेवटचा सामना होता. तिथं चारचौघांत गाडीवर चढून ते माझ्या नावानं 'लाभ' म्हणणार. म्हणून सामना तर सोडाच, मी गावातही गेलो नाही.

शेवटी मामाच मळ्यात आले. दीड कोस, भर उन्हात.

"कुठं हाय नापास?" बांधावरूनच त्यांनी आईला विचारलं.

मी केळीत दडलो होतो. तिथून बाहेर आलो आणि सरळ हात जोडले. "मामा, पाया पडतो, लोकांसमोर काही बोलू नका. मी कॉलेज सोडून राह्यलो."

"सोड. तुह्यासाठी कोन आलं बे? तू एक डाव हारला. तेवढ्यासाठी मी उन्हातानाचा येईन काय? नामदेव कुठं हाय?"

दादा मोटेवर होता. मोटेचे बैल उतारावरून खाली जातात तेव्हा पाणी वर येतं, मग ते मागे सरकत वर येतात. दादा त्यांच्याबरोबर खाली-वर करत होता. मामांनी बंडीच्या खिशातून एक चिठ्ठी काढली. ती घड्यांवर फाटत आली होती आणि पेन्सिल पुसट झाली होती. ते दादाच्या शेजारी जाऊन त्याच्याबरोबर उतारावर चालू लागले.

"लाभ! नामदेव तिसरीत पह्यला आला. मास्तरनं त्याले आपली दौत देली."

बैल मागे आले. मामाही मागे आले, धापा टाकत.

"दोन! मास्तर या घरी तीनदा आला. म्हने, पोराले शिकवा. माय हो म्हने. नामदेवच नाही म्हने."

"मामा, गप राहा ना," दादा म्हणाला.

"तू बैल हाक. तीन! यानं मायले सांगितलं, बापूले म्हना का माह्यं डोकं चालत नव्हतं. नाहीतं त्याच्या मनाले लागन आन् तो बी शाळा सोडन."

मी आईकडे पाहिलं. ती वाफ्यात पाणी वळवत होती. खाली घातलेली मान तिनं वर केली नाही.

"तुह्या मायनं मले शपथ घातली होती," मामा माझ्याकडे वळून म्हणाले. "मास्तरनं सांगितलं त्याच दिवशी मी हे लिवलं. किती साल खिशात घेऊन फिरून राह्यलो. आज मोडली शपथ. चार! याच्या हारण्याले कोनी पाह्यलं नाही, म्हनून मी..."

पुढचं त्यांना वाचता येईना. अक्षर पुसट होतं की आणखी काही, मी विचारलं नाही.

दादानं बैल थांबवले. मोट अर्ध्यावर लटकत राहिली आणि पाणी परत विहिरीत पडू लागलं.

"झालं तुमचं? पानी सांडून राह्यलं," तो मामांना म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "मले काय कमी हाय बे? तू जाय वापस. आनखी एक साल. मी हाय ना."

कॉलेजच्या वक्तृत्वसभेत मी इंग्रजीतून बोललो होतो. तिथं विहिरीवर मला फक्त "हाव, जातो" म्हणता आलं.

मामांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो. वाटेत विचारलं, "मामा, तुमाले हा नाद कसा लागला?"

 ते बोलले, पण इतक्या हळू की मला जवळ सरकावं लागलं.

"मी सातवीची फायनल नापास झालो होतो, बापू. परीक्षा बुलढान्याले. तिथून घरी पायी आलो. वाटंनं ठरवत आलो, बाप काय म्हनन, मी काय म्हनीन. घरी आलो तं बाप जेवत होता. जेवला, हात धुतले, झोपला. माय बी नाही बोलली. दुसऱ्या दिवशी मले काट्यावर नेऊन उभं केलं. कोनी एक शबुद नाही बोललं. शिव्या देल्या असत्या तरी चाललं असतं."

"मग तुम्ही?"

"मी काय? तोलून राह्यलो." रस्ता आला होता. त्यांनी धोतराचा सोगा खोचला. "जाय आता. उन्हात काऊन येतं मांगं मांगं?"

जुलैत मी अमरावतीला परत गेलो. पुढच्या साली इंटर पास झालो, आणि त्यानंतर दोन वर्षांनी बी.ए. झालो.