भाऊ गाडीखाली आहेत

बमरोलीच्या कापड कारखान्यात एखादा लूम कुरकुरायला लागला, की कुठला नट सैल झालाय हे मी डोळे मिटून सांगतो. त्यामुळे माझ्या फियाटची क्लच प्लेट गेली तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही. उलट जरा बरंच वाटलं. आपल्या हातातली कला घरच्यांना कधी दिसत नाही. आता दिसेल, म्हटलं.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. डिंडोलीत आम्ही तिघं राहायचो: मी, बायको सुंदरा आणि माझी धाकटी बहीण योगिता. योगितासाठी कामरेजचं स्थळ आलं होतं. मुलगा धनराज पाण्याच्या पंपांची दुरुस्ती करायचा. त्याचे वडील उखाआप्पा मूळचे आमच्याच पारोळ्याकडचे. त्यांनी आम्हाला रविवारी दुपारी जेवायला बोलावलं होतं. आम्हाला घर बघता येईल आणि मुलगा-मुलगीही एकमेकांना बघतील, असा बेत. बसस्टँडवर न्यायला येतो म्हणाले.

"बसचं काय काढलं, आप्पा?" मी म्हणालो. "आपल्या गाडीनं येऊ."

हे बोललो आणि त्याच आठवड्यात क्लच गेला. इंजिन वाघासारखं डरकाळ्या फोडायचं आणि गाडी गोगलगाईसारखी सरकायची. गॅरेजवाला म्हणाला, "पुढच्या बुधवारी देतो."

"मग बसनं जाऊ," सुंदरा म्हणाली.

"अगं, गाडी आहे म्हणून सांगितलंय मी."

"आहेच की. घरी ठेवून आलो म्हणू."

माझ्या मनाला ते पटेना. मी दगाभाऊंना बोलावून घेतलं. दगाभाऊ म्हणजे माझे साडू, सुंदराच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरोघरी पंखे बसवायचे. त्यांना कुठल्याच कामाची भीती वाटत नसे, कारण काम अर्ध्यावर आलं की ते निघून जात.

शनिवारी आम्ही गाडीची पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या, खाली गोणपाट अंथरलं आणि गिअरबॉक्स उतरवला. उतरवणं सोपं गेलं. जड वस्तूला खाली यायचंच असतं. जुनी प्लेट काढून नवी बसवली. प्लेट बरोबर मधोमध यावी म्हणून मेकॅनिक लोक तिच्यात आधी एक जुना शाफ्ट घालून बघतात, असं दगाभाऊंनी कुठंतरी ऐकलं होतं.

"माझी नजर काय कमी आहे?" मी म्हणालो, आणि नजरेनंच बसवली.

रविवारी सकाळी गिअरबॉक्स चढवायला घेतला. त्याच्या एका टोकाला दातेरी शाफ्ट बाहेर आलेला असतो. तो प्लेटच्या भोकातून आत गेला, की काम फत्ते. गिअरबॉक्सचं वजन मध्यम बोकडाएवढं, पण बोकडाला निदान धरायला शिंगं असतात. आम्ही दोघं उताणे झोपलो, उचलला, लावला. जाईना. जरा डावीकडे, जरा उजवीकडे. जाईना. देवाचं नाव घेऊन लावला, मग देवाचं नाव न घेता लावला.

"जॅक पाहिजे," दगाभाऊ म्हणाले. "बमरोलीत माझ्या मित्राकडे आहे. तोवर तुम्ही हा जरा छातीवर घ्या."

त्यांनी गिअरबॉक्स माझ्या छातीवर अलगद ठेवला, सायकल काढली आणि गेले.

थोडा वेळ मी धीरानं पडून राहिलो. मग गिअरबॉक्स बाजूला सारावा असं मनात आलं. डावीकडे सारावा तर बोटं चेंगरत होती, उजवीकडे लाकडी ठोकळा होता. श्वास अर्धाच आत जायचा आणि तिथूनच परत यायचा. बाहेर फक्त माझे पाय होते.

सुंदरा नवी साडी नेसून आली आणि त्या पायांपाशी उभी राहिली.

"अजून किती वेळ?"

"दगाभाऊ... आले की."

"दाजी गेलेत? म्हणजे झालंच मग. मी कामरेजला निरोप देऊन येते."

त्यानंतर काय झालं, ते मला पुढे सगळ्यांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. सुंदरा कोपऱ्यावरच्या फोनवाल्याकडे गेली. त्याला म्हणाली, "उखाआप्पांना सांगा, हे अजून गाडीखाली आहेत. जेवायला वाट बघू नका." आप्पांच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या शेतकऱ्याकडे होता. फोनवाल्यानं त्याला गुजरातीत कळवलं, "गोपालभाई गाडी नीचे छे, जमवा माटे राह नहीं जोता." शेतकरी मनानं हळवा होता. आप्पांच्या अंगणात जाईपर्यंत त्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "उखाभाई, गोपालभाई गाडी नीचे आवी गया. हवे राह नहीं जोता." म्हणजे गोपालभाई गाडीखाली आले, आता वाट बघू नका.

आप्पांच्या घरी चुलीवरचं पातेलं उतरवलं गेलं. बापलेक मिळेल त्या रिक्षात बसले आणि सुरतेच्या वाटेला लागले.

इकडे तासाभरानं आमच्या शेजारच्या मालतीबाई पाणी भरायला बाहेर आल्या. त्या वर्ध्याकडच्या, आवाज खणखणीत. त्यांना माझे पाय दिसले.

"काय झालं जी, गोपालभाऊ?"

"काही... नाही..." मी म्हणालो. निम्म्या श्वासात माणूस जसं बोलेल तसं.

"बापा, असा कसा आवाज येऊन राहिला?" त्यांनी वाकून माझा अंगठा चाचपला. सकाळपासून जमिनीवर पडून पाय गार झाले होते. मालतीबाईंनी हंडा तिथंच सोडला आणि गल्लीभर ओरडत सुटल्या, की गोपालभाऊंच्या अंगावर गाडी बसली, पाय थंडे पडले, जीव घुटमळून राहिला.

रविवार असल्यानं सगळे कारखानेवाले घरी होते. दोन मिनिटांत गल्ली जमली. मी आतून सांगत होतो, "थांबा, मी ठीक आहे." पण मरणारा माणूस असंच म्हणतो, अशी सगळ्यांची समजूत दिसली. कुणी तरी म्हणालं, "पाय धरा." दहा-बारा हातांनी माझे पाय धरले आणि ओढले.

गोणपाटासकट मी बाहेर आलो. गिअरबॉक्सही आला, कारण त्याला मी घट्ट मिठी मारली होती. सोडला असता तर हनुवटी गेली असती. उजेडात लोकांना दिसलं ते असं: मी उताणा, सगळा काळा, आणि छातीतून एक लोखंडी दांडा सरळ वर आलेला.

"आरपार गेलं वो," मालतीबाई म्हणाल्या आणि मटकन बसल्या.

नेमकी तेव्हाच रिक्षा येऊन थांबली. उखाआप्पांनी टोपी काढून हातात घेतली. गर्दीनं वाट करून दिली. आप्पा माझ्याकडे बघत उभे राहिले.

"चांगला माणूस व्हता बिचारा," ते धनराजला म्हणाले.

"राम राम, आप्पा," मी खालून म्हणालो. "जेवण झालं का?"

आप्पा दोन पावलं मागे सरले आणि मालतीबाईंच्या हंड्यावर बसले. "जित्ता शे," ते आपल्या पारोळ्याच्या बोलीत, कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले. मग जरा वेळानं, "जित्ता शे, आनि जेवनाचं इचारस."

चौघांनी मिळून गिअरबॉक्स उचलला. मी उठून बसलो. तेवढ्यात सुंदरा परत आली; आता घरीच जेवायचं म्हणून ती तिकडूनच बाजारात भाजी आणायला गेली होती. कोण काय समजलं होतं, कुणी कुणाला काय सांगितलं, याचा उलगडा व्हायला बराच वेळ लागला. गल्ली हसत हसत पांगली. आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांच्या घरी बायका रडत बसल्या होत्या.

दारात योगिता उभी होती. अर्धी वेणी घातलेली, अर्धे केस मोकळे. ती माझ्याकडे बघत होती. वडील गेल्यापासून तिला मीच वाढवली. याआधीची दोन स्थळं तिनंच परत पाठवली होती. म्हणायची, "सगळे मलाच विचारतात. स्वयंपाक येतो का, चालून दाखव, नाव सांग. मी काही विचारलं की म्हणतात, मुलगी जास्त बोलते." या स्थळाला ती कशीबशी तयार झाली होती. आणि मी तिच्या होणाऱ्या सासऱ्याला माझ्या मयतीला बोलावलं होतं. गिअरबॉक्स उतरला होता, तरी छातीवरचं वजन हललं नव्हतं.

धनराजनं शर्ट काढून गाडीच्या आरशाला अडकवला, गाडीखाली शिरला आणि बॅटरीच्या उजेडात वर बघितलं.

"भाऊ, प्लेट मधोमध नाही."

"नजरेनं बसवली होती," मी म्हणालो.

"हं," तो म्हणाला. हा मुलगा समजूतदार आहे, हे मला तिथंच कळलं.

त्यानं घरात लूमची, सूत गुंडाळायची लाकडी कांडी आहे का विचारलं. आमच्या घरात दुसरं काय असणार? कांडीला चिंधी गुंडाळून ती त्यानं प्लेटच्या भोकात बसवली, प्लेट नीट मध्यावर आणली, बोल्ट आवळले आणि कांडी काढून घेतली. मग आम्ही दोघं गाडीखाली झोपलो. जड बाजू त्यानं आपल्या छातीवर घेतली, शेपटाकडचं टोक मी धरलं. शाफ्ट भोकात शिरला, बोटभर गेला आणि अडला.

"दाते जुळत नाहीत," धनराज धापा टाकत म्हणाला. "पुढून हँडल घालून कुणीतरी इंजिन थोडं थोडं फिरवा."

जुन्या फियाटला पुढून हँडल घालून इंजिन फिरवता यायचं. सुंदरा आप्पांना आत नेऊन चहा देत होती. बाहेर फक्त योगिता होती. हँडल आत सरकल्याचा आवाज आला, आणि बंपरखालून मला तिच्या साडीचे काठ दिसले.

"फिरवू?" तिनं विचारलं.

"हळूहळू."

तिनं जरासं फिरवलं आणि थांबली.

"एक विचारू का?"

"मला?" धनराज म्हणाला.

"तुम्हालाच. लग्नानंतर मी शिवणकाम चालू ठेवलं तर चालेल का?"

"चालेल. फिरवा."

हँडल थोडं फिरलं. पुन्हा थांबलं.

"मशीन माझ्या नावावर राहील. कमाईही."

"राहील की. माझे पंप माझे, तुमचं मशीन तुमचं."

मुलगा-मुलीला मोकळेपणानं बोलता यावं म्हणून मोठी माणसं उठून बाहेर जातात. मला जाता येत नव्हतं. मी डोळे मिटून घेतले.

"दारू?"

"नाही."

"तंबाखू?"

गिअरबॉक्स धनराजच्या छातीवर वर-खाली होत होता.

"कधी कधी," तो म्हणाला.

हँडल हललं नाही. बराच वेळ हललं नाही. माझे दंड भरून आले. मला मध्ये बोलायचं होतं, पण कुठल्या नात्यानं बोलावं ते कळेना.

"सोडतो," धनराज म्हणाला. "पण खरं सांगू, एकदम नाही सुटणार. हळूहळू सोडीन."

"हे बरं बोललात. एकदम सोडतो म्हणाला असतात, तर मी आत निघून गेले असते."

ती हँडल फिरवत होती, आम्ही खालून रेटत होतो, आणि अचानक खट् असा आवाज होऊन गिअरबॉक्स सरळ आत गेला, जणू त्याची कधी तक्रारच नव्हती. धनराज हसायला लागला. पुढून योगिताही हसली. मी घाईनं बोल्ट लावायला घेतले.

शेवटचा बोल्ट आवळत होतो, तेव्हा दगाभाऊ जॅक घेऊन आले. सायकल पंक्चर झाली होती म्हणे. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "बसला ना? मी म्हटलंच होतं बसेल."

इंजिन चालू केलं, क्लच दाबला. पहिला गिअर लोण्यासारखा पडला. आप्पा बाहेर आले. धनराजचा चेहरा बघितला, योगिताचा बघितला. जुना माणूस, त्यांनी काही विचारलं नाही.

"चला," ते म्हणाले. "घरी जेवण शे. बायकांना दाखवावं लागेल की माणूस जिवंत आहे."

रिक्षा कशाला, मी म्हणालो, आपली गाडी आहे. आप्पा आणि मी पुढे. सुंदरा, योगिता, धनराज आणि दगाभाऊ मागे. दगाभाऊंना कुणी बोलावलं नव्हतं, पण जेवणाचं काम ते कधी अर्ध्यावर सोडत नसत. मी रुबाबात गाडी हायवेला काढली. थोड्या अंतरानं खालून बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला.

"हे काय वाजतंय?" आप्पांनी विचारलं.

"नवीन प्लेट आहे. सुरुवातीला जरा बोलते."

प्लेट बोलायची ती गायला लागली, मग किंचाळायला लागली. कामरेजच्या अलीकडे करपल्याचा वास आला. खालून कुणीतरी दात खाल्ल्यासारखा आवाज झाला आणि गाडी थांबली. त्यापुढे एकही गिअर पडेना.

गिअरबॉक्स उतरवताना त्यातलं सगळं तेल काढून टाकावं लागतं, आणि चढवल्यावर नवं भरावं लागतं. हे मला तेव्हा, हायवेच्या कडेला उभ्या उभ्या आठवलं. मी मागे वळून बघितलं.

"दगाभाऊ, तेल तुम्ही भरलं ना?"

"मी?" ते म्हणाले. "मी तर जॅक आणायला गेलो होतो."

आम्ही सगळे उतरलो. सुंदराला स्टिअरिंगवर बसवलं, आणि मुलीचा भाऊ, नवरदेव, व्याही असे सगळे ढकलायला लागलो. मग माझ्या शेजारी ढकलत असलेले उखाआप्पा घसा खाकरून म्हणाले, "गोपालराव, मुलगी आम्हाला पसंत आहे. देण्याघेण्याचं आमचं काही म्हणणं नाही. फक्त एक अट आहे."

"सांगा ना, आप्पा."

"लग्नाच्या दिवशी नवरदेवाला आणायला तुमची गाडी पाठवू नका."

मी मान डोलावली. दोन्ही हात डिकीवर होते, त्यामुळे दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.