लागोपाठ दोन पाचव्या

उर्सुलावहिनीने जॉयलला सांगितलं होतं ते एवढंच, की वह्यांना दोरी बांधून ठेव. तिचा नवरा फेबियन, म्हणजे जॉयलचा थोरला भाऊ, जाऊन बावीस दिवस झाले होते. विरारच्या एका कॉलेजात तो बीएच्या मुलांना हार्मनी शिकवायचा, म्हणजे चार सूर एका वेळी, एकमेकांच्या पायात न येता कसे चालवायचे ते. त्याने तपासलेल्या नऊ वह्या निर्मळ गावच्या घरी राहिल्या होत्या आणि त्या न्यायला दुपारी मुलं येणार होती.

दोरी बांधायला वही उघडावी लागत नाही. पण भावाचं अक्षर एकदा बघावं, असं जॉयलने ठरवलं. (जॉयलने जे जे ठरवलं, ते ते घरच्यांना निस्तरावं लागलं. एकदा त्याने ठरवून वाडीतली सगळी केळी कोवळीच उतरवली होती.)

पहिल्या वहीत लाल शाईने लिहिलं होतं, 'लागोपाठ दोन पाचव्या. मोठी चूक.'

जॉयल खालीच बसला. शाळेत त्याने पाचवी लागोपाठ दोनदा केली होती आणि तिसऱ्यांदा नको म्हणून वाडीत कामाला लागला होता. दुसऱ्या वहीत होतं, 'पुन्हा दोन पाचव्या? किती वेळा सांगू?' तिसरीत तर कहर होता. 'ही पाचवी लपवलेली आहे, पण जाणत्याला कळतेच.' होणाऱ्या सासऱ्याला आपण आठवी सांगितली, हे त्याने एकट्या फेबियनला सांगितलं होतं.

बावीस दिवस न आलेलं रडू आलं ते असं, रागाच्या पाठीवर बसून. ज्याच्या शवपेटीला खांदा दिला, तो भर वर्गात आपली अब्रू काढत होता. केळ्यांच्या खोक्यांवर नावं घालायचा काळा मार्कर जॉयलने आणला आणि पाचवी दिसेल तो शेरा गिरगटून काळा केला. (आठ वह्या झाल्या. अभ्यासाला इतका वेळ तो जन्मात बसला नव्हता.)

दुपारी कृतिका आणि प्लासिड आले. कृतिकाने आपली वही उघडली.

"दादा, सरांचा शेरा कुठे गेला?"

"माझी पाचवी वर्गात कशाला काढायचा तो? दोनदा केली, केली. तुमच्या पोटात का दुखावं?"

मग कृतिका हळूच म्हणाली, "ती पाचवी नाही, दादा. सा ते प, पाच सुरांचं अंतर. सर त्याला पाचवी म्हणायचे. दोन आवाज तेवढंच अंतर धरून बरोबरीने चालले की दोन राहत नाहीत, एकच वाटतो. म्हणून एकाने तरी वेगळी वाट धरायची."

"आणि लपवलेली?"

"तीपण सुरांचीच."

उर्सुला दारात उभी राहून ऐकत होती. तिने एकेक वही उघडून बघितली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"त्याच्या हातचं शेवटचं होतं रे हे," ती म्हणाली. "बाकी तो काय लिहायचा? वाण्याची यादीसुद्धा मीच लिहायची."

जॉयलने बोटाला थुंकी लावून काळं पुसून बघितलं. कागदच फाटला.

"माझी बघा," प्लासिड म्हणाला. नववी वही मार्करच्या तावडीतून सुटली होती. प्लासिड इंग्रजी शाळेत शिकलेला, म्हणून त्याला शेरा इंग्रजीत होता, आणि इंग्रजीतली पाचवी जॉयलला ओळखताच आली नव्हती. पानभर लाल अक्षर. प्लासिडने ती वही उर्सुलाच्या हातात दिली. "राहू दे तुमच्याकडे, मॅडम."

उर्सुलाने पदराने डोळे पुसले. जॉयलला राहवेना.

"यात माझ्याबद्दल काही आहे का रे?"

प्लासिड घुटमळला. "शेवटच्या ओळीत आहे. पण..."

"वाच. मराठीत सांग. काय असेल ते असू दे."

प्लासिडने उर्सुलाच्या हातातल्या वहीत बघून सांगितलं.

"'उत्तर बहुतेक बरोबर आहे. अक्षर थेट माझ्या धाकट्या भावासारखं असल्याने खात्री देता येत नाही.'"