करवत न लागलेली खुर्ची

खैरनारभाऊंचं घर स्वतःलाच खातं, असं माझी पत्नी सुनंदा म्हणायची. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत ते अगदी समोरच्या दारात, एकटेच राहतात. त्यांच्या कपाटाचं एका दिवाळीत टेबल झालं, टेबलाचे दोन पाट झाले, एका पाटाचं पोळपाट आणि उरलेल्या तुकड्याची दाराला लावायची पाचर. पाहुणा आला की "बसा" म्हणायचे आणि मग स्वतःच खोलीभर शोधायचे, कशावर ते.

"अहो, एखादी वस्तू टाकून द्या की!" मी म्हणायचो.

"फेकायचं काय शे त्यात, सर?" मूळचे सटाण्याचे, जोर चढला की त्यांच्या 'आहे'चं 'शे' होतं.

एकदा त्यांनी सुनंदाला वाढदिवसाची भेट म्हणून काळी पिशवी दिली. तिने उलटसुलट करून पाहिली.

"भाऊ, ही तर आम्ही टाकलेली छत्री!"

"म्हणूनच तुम्हाला दिली, ताई. परक्यांची कशी देऊ?"

मग सुनंदाला रक्ताचा कर्करोग झाला. दवाखान्यात भाऊ आमच्याबरोबर येत आणि आमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारत. पहिल्या केमोनंतरही काही वाईट पेशी उरल्या, तेव्हा भाऊ डॉक्टरबाईंवर जवळजवळ चिडलेच. "उरल्या कशा?"

बाईंनी शांतपणे सांगितलं, "पेशीची उपासमार झाली की ती आपल्याच आतले जुने, मोडके भाग खाते. त्यातून नवं बनवते आणि तग धरते. याला ऑटोफॅजी म्हणतात. निरोगी पेशीही हेच करतात, पण कर्करोगाच्या काही पेशी औषधाच्या माऱ्यातून याच युक्तीने वाचतात. ती बंद पाडणारं औषध केमोबरोबर द्यावं का, याचा अभ्यास अजून चालू आहे."

भाऊंचा चेहरा पडला. "म्हणजे हे माझंच की हो!"

सुनंदा इतकी हसली की नर्स ओरडली, "काकू, सुई निघेल!"

भाऊ मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गॅलरीत, जिथे सकाळचं ऊन येतं तिथे, नवीकोरी सागवानी खुर्ची आली.

"ताई, ही तुम्हाला बसायला. आजपासून माझं तोडणं-जोडणं बंद. त्यांचं औषध येईल तेव्हा येईल, आपल्या बाजूने तरी त्या पेशींना साथ नको."

करवत खिळ्याला टांगली गेली. चपलेचा अंगठा तुटला, तर भाऊ आठवडाभर पाय ओढत चालले. शर्टाची बटणं एकेक करून गेली. कॉलनीतली पोरं त्यांना 'हवेशीर काका' म्हणू लागली.

"भाऊ, निदान बटण तरी लावा!" खुर्चीतून सुनंदा ओरडायची.

"आधी तुमचे सगळे रिपोर्ट चांगले येऊ द्या."

एक आला. चक्क दुसराही आला. त्या दिवशी भाऊंनी सगळ्या जिन्यात पेढे वाटले, एका हाताने शर्ट धरून. तिसरा मात्र तसा आला नाही.

सुनंदाला जाऊन वर्ष झालं. परवा समोरून करवतीचा आवाज आला म्हणून मी गेलो. पलंगाचं शेल्फ होत होतं, शर्टाला चार रंगांची बटणं होती. गॅलरीत खुर्ची तशीच. पावसाने तिचा एक पाय फुगला होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "हिचे दोन पाट सहज निघतील, भाऊ."

त्यांनी फडक्याने बैठक पुसली. "ही ताईंची शे, सर."

मग म्हणाले, "बसा." आणि नेहमीसारखे खोलीभर शोधू लागले. मी खाली फरशीवर बसलो. थोड्या वेळाने तेही शेजारी येऊन बसले. खुर्चीवर ऊन आलं होतं.