पालखीचा मागचा खांदा

यंदा शहाऐंशीच्या शिमग्यात, होमाच्या दुसऱ्या दिवशी, पालखी बसते त्या सहाणेवर, भर गावासमोर माझ्यावर अन्याय झाला. बारा महिने गावात राहणाऱ्या, पाण्याच्या टाकीसाठी मोर्चा काढणाऱ्या मला डावलून पालखीचा मागचा खांदा मोहनला दिला गेला. मोहन मुंबईचा चाकरमानी, सणापुरता उगवणारा. अन्याय करणारे गणूतात्या.

तात्या माणसाचं तोंड बघतच नाहीत, चाल बघतात. "पाय खोटं बोलत नाय," हे त्यांचं पालुपद. मिरजोळ्याच्या स्टॉपवर एसटीतून कोण कसा उतरला, यावरून तो माडावर चढेल की नाही ते सांगतात. रत्नागिरीत एका नव्या डॉक्टरनं सुई उचलली, तर हे बाही खाली करून उठले. "मनगट अजून शिकतंय. शिकू दे, पण माज्यावर नको." ताप अंगावर काढला. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले आणि पोहे आणणाऱ्या मुलीला म्हणाले, "बाय, परत एकदा आत जाऊन ये बघू." लग्न तिथंच मोडलं.

अशा माणसाच्या हाती गावानं पालखी नाचवणाऱ्यांची निवड दिलेली! एक पुढे, एक मागे; गिरकीत पाय चुकला तर देव खाली. मी महिनाभर अंगणात वासा खांद्यावर घेऊन घाम गाळला होता. तात्यांनी मला एकदाच चालवलं.

"तुजा पाय आधी घोषणा देतो, मग पडतो. बस जा."

"आणि मोहन? तो गिरकीत डावीकडे कलतो! तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं रं," तात्या म्हणाले. "म्हणून तर."

ढोल वाजला. मोहन नाचला, कलला, गाव खूश. मी जळत उभा. शेजारी तात्या, गुडघे गेलेले, काठीवर भार. पण मोहन कलला की यांचा खांदा आपोआप वर उचलला जाई.

"यशवंता अस्साच कलायचा," आई पुटपुटली.

यशवंता म्हणजे मोहनचा वारलेला बाप. कित्येक शिमगे तो मागे आणि तात्या पुढे नाचले. पाठीमागचं ते कलणं तात्यांच्या खांद्यानं दांड्यातून ओळखलं होतं. डोळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

निवड पक्षपाती होती, हे मी आजही ठणकावून सांगतो. मोहनचा हेवाही वाटतो, पण पालखीसाठी नाही. माझी चाल कुणाच्या खांद्याला आठवेल?

तेव्हा वाचणाऱ्यांनो, येत्या शिमग्याला सहाणेवर या आणि माझ्याबरोबर मागणी करा: एका गिरकीपुरता पुढचा दांडा तात्यांच्या खांद्यावर द्या. कमरेला धरायला मी आहे. मागे मोहनच असू द्या.