मानेवर चालणारं चित्र

डोंगरवाल्यांचं चित्र सगळ्यांना आवडायचं आणि वळवता कुणालाच यायचं नाही. पाणीपुरवठा कचेरीतल्या या गृहस्थांनी शहरभरच्या पाण्याचा दाब पडद्यावर उभा केला होता. दाब जास्त तिथे डोंगर, कमी तिथे दरी. नळांवर बसवलेली यंत्रं घडोघडी आकडे धाडायची आणि डोंगर झोपेतल्या जनावरासारखे हलके वरखाली व्हायचे. म्हणून त्यांचं नाव डोंगरवाले. पण ते चित्र फिरवायला माउसची दोन बटणं, तीन कळा आणि मनाची तयारी लागे. एक कारकून त्यात जमिनीखाली गेला तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत वर आला नव्हता. तेव्हापासून जो तो समोरून दिसेल तेवढंच बघून 'छान' म्हणायचा आणि सटकायचा.

मोठ्या साहेबांनी अखेरचं सांगून टाकलं होतं. मंगळवारी दुपारी ते स्वतः चित्रापुढे बसणार. न शिकवता ते वळलं तर ठीक, नाहीतर चित्र बंद आणि डोंगरवाले परत तक्रारीच्या खिडकीवर. त्या खिडकीत त्यांनी नऊ वर्षं काढली होती. टेकडीवरच्या वस्तीतली माणसं दर सोमवारी येऊन नळ कोरडा असल्याचं सांगत आणि ते लिहून घेत. लिहून घेण्यापलीकडे हातात काही नाही, या सलातूनच तर ते डोंगर उगवले होते.

युक्ती बायकोनं सुचवली. ती दवाखान्यात लोकांच्या आखडलेल्या माना सोडवायची. "पलंगाखालची चप्पल शोधताना माणूस कळा दाबतो का?" ती म्हणाली. "वाकतो. तुमच्या चित्राला माणसाची मान दिसू दे, बाकीचं ते समजून घेईल."

डोंगरवाल्यांनी पडद्यावर कॅमेरा बसवला. मान डावीकडे कलली की चित्राची डावी बाजू दिसायची, मान खाली झुकली की चित्राचा तळ. चार संध्याकाळी बायकोला समोर बसवून पाहिलं. चित्र पाळण्यासारखं अलगद हललं. डोंगरवाले निर्धास्त झाले. तपासायला आपण घेतली ती गावातली सगळ्यात शिस्तीची मान, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

साहेबांची मान निराळी होती. समोरचा काहीही बोलला तरी डोलायची तिला तीस वर्षांची सवय. उपअभियंता बाईंनी प्रस्तावना सुरू केली, साहेबांनी 'हं, हं' केलं आणि अख्खं शहर होडीसारखं वरखाली होऊ लागलं. साहेबांनी घाबरून नकारार्थी मान हलवली, तर शहर गरगरलं. मदतीसाठी त्यांनी बाईंकडे वळून पाहिलं, तर शहर पडद्याबाहेरच गेलं. पाइपलाइनचे मिस्त्री भिंतीला धरून उभे राहिले.

"साहेब, जरा स्थिर बसा," डोंगरवाले म्हणाले.

"मी स्थिरच आहे. शहर हलतंय."

मग ठरलं, की कुणी बोलायचंच नाही, म्हणजे मान डोलणार नाही. खोलीत शांतता पसरली. दुपार जेवणानंतरची, पंखा संथ, खुर्ची मऊ. डोंगरवाल्यांना समोर तक्रारीची खिडकी स्पष्ट दिसायला लागली होती, तेवढ्यात साहेबांचे डोळे मिटले. हनुवटी हळूहळू छातीवर टेकली आणि त्याबरोबर चित्रानं आपला तळ वर केला.

आजवर तो कचेरीत कुणी नीट पाहिलाच नव्हता. पंपघराच्या उंच डोंगरामागे, समोरून कधी दिसली नसती अशी एक दरी खाली लोंबत होती. रिकाम्या पिशवीसारखी.

"ही टेकडीवरची वस्ती," मिस्त्री कुजबुजले. "पण दाब नेमका अडतोय कुठं? अजून जरा डावीकडून दिसायला हवं."

सगळ्यांनी चित्राकडे पाहिलं, मग साहेबांकडे. डोंगरवाल्यांनी अंगातला स्वेटर काढला, घडी केली आणि तान्ह्या पोराला उशी द्यावी तसा साहेबांच्या उजव्या कानाशी अलगद सरकवला. मान डावीकडे कलली. शहरही कललं. चहावाला दार ढकलून आत आला, तर तिघांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं. साहेबांनी घोरायला सुरुवात केली, तेव्हा डोंगर थरथरले, पण दरी जागची हलली नाही.

"जुन्या टाकीजवळचा व्हॉल्व्ह," मिस्त्री म्हणाले. "दहा-बारा वर्षांपूर्वी दुरुस्तीला बंद केला होता. पुन्हा पुरता उघडलाच नाही कुणी." त्यांनी टाकीवरच्या माणसाला फोन लावला आणि तोंडावर हात धरून सांगू लागले, "फिरव. हळू. अजून थोडा. अजून."

पडद्यावर दरीचा तळ उचलला जाऊ लागला. आधी नखभर, मग बोटभर. हसू ओसरताना गालावरची खळी मिटत जावी, तशी ती मिटत गेली. डोंगरवाल्यांना नऊ वर्षांचे सगळे सोमवार आठवले. कुठल्या घरातली बादली आता वाजायला लागली असेल, असा विचार मनात आला आणि त्यांना चष्मा पुसावा लागला.

तेवढ्यात मिस्त्रींचा फोन खणखणला. टाकीवरून निरोप होता, वस्तीतले नळ वाहतायत. साहेब दचकून जागे झाले, शहरानं एक कोलांटी घेतली आणि सरळ झालं. साहेबांनी सपाट भरून आलेली वस्ती पाहिली, बाईंच्या डोळ्यांतला आनंद पाहिला, आणि तीस वर्षांच्या अनुभवानं ओळखलं, की आपल्या हातून काहीतरी थोर घडलेलं आहे.

"वळतंय की," ते म्हणाले. "बोटसुद्धा लावावं लागलं नाही. चित्र चालू राहील, डोंगरवाले. मी रोज याच वेळेला बसत जाईन." मग मान चोळत पुढे म्हणाले, "फक्त एक बदल करा. या खुर्चीला डोक्यामागे आधार बसवून घ्या."

"आधार नको, साहेब," खोलीतली सगळी माणसं, चहावाल्यासकट, एकाच वेळी म्हणाली.