बदकांच्या धडकांची रीतसर नोंद

डेन्मार्कच्या युटलंड भागातल्या आमच्या गावच्या नगरपालिकेने बालवाड्यांसाठी सहा मिनिटांचा एक कार्टूनपट मंजूर केला. गोष्ट साधी होती. तळ्यावर चाळीस बदकं पोहत असतात. त्यातलं एक हरवलेलं पिल्लू धडपडत फिरतं, शेवटी नेमकं आईवर जाऊन आदळतं आणि आई त्याला पंखाखाली घेते. बदकं मी काढली. ती हलवायचं काम माझा सहकारी एबे स्कोगोर याच्याकडे होतं.

पहिल्याच दिवशी बदकं एकमेकांच्या आरपार गेली. पिल्लू तर आईच्या पोटातून निघून थेट पलीकडच्या काठाला लागलं.

"एबे, बदकं आहेत की भुतं?"

"अगं, धडक म्हणजे काय हे कॉम्प्युटरला काय ठाऊक? शिकवावं लागतं."

त्याने शिकवलं. प्रत्येक बदकाने उरलेल्या प्रत्येकाला विचारायचं, 'लागलं का?' चाळीस बदकांच्या सातशे ऐंशी जोड्या, आणि ही विचारपूस सेकंदाला चोवीस वेळा! कॉम्प्युटरला धाप लागली. मग एबेने तळ्याचे चौकोन पाडले आणि फक्त आपल्या नि लगतच्या चौकोनातल्यांना विचारायचं ठरवलं. जमलं! पिल्लू आईवर आदळलं, तेव्हा दोन मुलींचा बाप असलेल्या एबेने चष्मा पुसला.

तेवढ्यात 'सुरक्षित बालपण' विभागाच्या इंगर-लिसेबाई पाहणीला आल्या.

"हे लाल ठिपके कसले?"

"धडक झाली की उमटतात. तपासणीपुरते."

"म्हणजे धडका होतात, आणि तुम्हाला त्या माहीतही आहेत!"

आरपार जात होती तोवर बदकांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. धडक ओळखता येऊ लागली आणि त्या क्षणापासून ती गुन्हा ठरली. प्रत्येक धडकेचा एक अर्ज भरायचा होता: कोण, कोणाला, कोणाच्या चुकीने, साक्षीदार कोण. एकूण तीनशे बारा अर्ज झाले. साक्षीदाराच्या रकान्यात एबेने सगळीकडे 'तळं' लिहिलं. ते मान्य झालं.

"हे बदक त्या दोघांमधून गेलं, तरी ठिपका नाही?" बाईंनी विचारलं.

"ते फार वेगात आहे हो. एका चित्रात अलीकडे, पुढच्या चित्रात पलीकडे. मधे सापडतच नाही."

बाईंनी लिहिलं, 'वेगवान बदक: वर्तन समाधानकारक.'

आठवड्याने आदेश आला. कोणत्याही दोन बदकांत एका पंखाचं अंतर राहावं, अन्यथा मंजुरी रद्द. एबे तडक कचेरीत गेला. मीही मागोमाग.

"अहो, पण गोष्टच धडकेची आहे! पिल्लू आईकडे जातं!"

"जाऊ दे की," बाई मायेने म्हणाल्या. "आमची काहीच हरकत नाही. फक्त पोहोचू नये."

एबेने नवा नियम घातला: कुणी जवळ आलं की थांबायचं. एक बदक थांबलं, म्हणून त्याच्या मागचं थांबलं, म्हणून त्याच्या शेजारचं. अकराव्या सेकंदाला सगळं तळं थांबलं. उरलेली पाच मिनिटं एकोणपन्नास सेकंद एकोणचाळीस बदकं एकमेकांकडे सभ्यपणे बघत राहिली. वेगवान बदकाला थांबायला जमलं नाही; ते केव्हाच पडद्याबाहेर गेलं होतं आणि त्याची प्रगती उत्तम असल्याचं अहवालात नमूद झालं.

सभागृहात खेळ झाला. पिल्लू आईपासून एक पंख अलीकडे उभं होतं. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी ओरडली, "अरे, जा ना!" तिला गप्प बसवण्यात आलं. दिवे लागले. 'धडका: शून्य' अशी घोषणा झाली आणि आम्ही मोठ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. एबे तेवढा बसून होता.

डेन्मार्कची माणसं खुळीच, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण हे वाचता वाचता मघाशी कुणीतरी लहानगं येऊन तुमच्या कोपराला धडकलं, आणि मान वर न करता तुम्ही म्हणालात, "थांब जरा." ते थांबलंय. बरोबर एका पंखावर. अभिनंदन, तुमचं घर मंजूर झालं.