चौदा-पंधराची जागा

सपाटे काकांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा मला आधी चपला काढायची परीक्षा द्यावी लागली. उंबऱ्याबाहेर फरशीवर पिवळ्या ऑइलपेंटनं चपलांचे आठ जोड रेखलेले होते. चपला नाहीत, नुसत्या त्यांच्या कडा. मी आपली सवयीप्रमाणं चपला उडवून आत निघाले, तर आतून आवाज आला, "जागेवर!" मला वाटलं, कुत्र्याला म्हणतायत. कुत्रा नव्हता, मलाच म्हणत होते. मग मी वाकून माझ्या पाच नंबरच्या चपला त्या नऊ नंबरच्या रेघांत नीट बसवल्या, तेव्हा कुठं चहा मिळाला.

दिनकर सपाटे हे आमचे गारखेड्यातले भिंतीला भिंत लागून शेजारी. वाळूजच्या एका कारखान्यात, हत्यारांच्या खात्यात, चौतीस वर्षं काढली आणि दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. कारखान्यात म्हणे फळीवर प्रत्येक हत्याराच्या मागं त्याची आकृती रंगवलेली असते. हत्यार उचललं की रिकामी आकृती दिसते आणि काय जागेवर नाही ते लांबूनच कळतं. "वस्तू गेली तर भिंतीनं बोंब मारली पाहिजे," हे काकांचं आवडतं वाक्य. रिटायर होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. काका ही पद्धत घेऊन आले.

स्वैपाकघरात सांडशी, झारा, उलथनं, लाटणं, सगळ्यांच्या मागं भिंतीवर पिवळी रेघ आहे. काकू बिचाऱ्या सोसतात. "वर्षा," त्या मला एकदा म्हणाल्या, "एखाद्या दिवशी मला भिंतीपुढं उभं करून भोवती रेघ मारतील बघ. मग माहेरी जायचीसुद्धा चोरी."

खरा थाट मात्र गाडीच्या शेडमध्ये. तिथं अख्ख्या भिंतीवर हत्यारं आहेत. पाने, पकडी, हातोड्या, एकाहून एक चकाचक. त्यातलं एकही कुणाला मिळत नाही. आमच्या ह्यांनी एकदा स्क्रूड्रायव्हर मागितला, तर काका स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः आमच्याकडं आले, कपाटाचा स्क्रू स्वतः पिळला आणि चहासुद्धा न घेता स्क्रूड्रायव्हर घेऊन परत गेले. ह्यांना लई राग आला. पण स्क्रू आजतागायत हललेला नाही, हेही खरं.

रिटायर झाल्यावर काकांनी नवी कोरी पांढरी गाडी घेतली. लोक फिरायला गाडी घेतात, काकांनी ऑइल बदलायला घेतली. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलंय की ऑइल दहा हजार किलोमीटरला बदला. काका म्हणतात, "हजाराला. हजार म्हंजे हजार." पण रिटायर माणसाचे हजार किलोमीटर होणार कसे? मग दर शनिवारी काका-काकू गाडीत बसून फर्दापूरला जातात. शंभर जायला, शंभर यायला. तिथं एक चहा पिऊन, काटा बघून मागं फिरतात. काकूंनी आजवर अजिंठ्याची लेणी पाहिलेली नाहीत. चार पावलांवर आहेत. पण "आपण त्या कामाला आलो का?" असं विचारून काका गाडी वळवतात.

हजार भरले की शेडमध्ये सोहळा असतो. गाडी पाच मिनिटं चालू ठेवून कोमट करायची, दोन रॅम्पवर चढवायची, चाकांमागं लाकडी ठोकळे लावायचे. मग हा त्रेसष्ट वर्षांचा माणूस गोणपाट टाकून गाडीखाली सरपटत जातो. खालचा बोल्ट काढला की ऑइल परातीत पडतं. ते दोन बोटांत चोळायचं, वास घ्यायचा, आणि बघायला कोणी उभं असेल तर त्याच्याही बोटाला लावायचं. "लागला का हाताला काही चुरा?" मला आजवर कधीही चुरा लागलेला नाही. पण मी हो म्हणते, नाहीतर ते परत लावतात. जुनं ऑइल आमच्या गल्लीतल्या सगळ्या फाटकांच्या बिजागऱ्यांना जातं. त्यामुळं आमच्याकडं कुणाचंच फाटक वाजत नाही आणि पाहुणा थेट डोक्यावर येऊन उभा राहिला की दचकायला होतं.

आता मुद्द्याचं सांगते. या एवढ्या भिंतीवर, बरोबर मधोमध, एक जागा रिकामी आहे. पिवळी रेघ आहे, पाना नाही. तो चौदा-पंधराचा पाना, म्हणजे एका टोकाला चौदा नंबर आणि दुसऱ्या टोकाला पंधरा. आणि काकांच्या गाडीचा ऑइलचा बोल्ट आहे नेमका चौदाचा.

तो पाना बशीरचाचांनी नेला. बशीरचाचा म्हणजे काकांचे कारखान्यातले जोडीदार. चौतीस वर्षं एकाच टेबलावर समोरासमोर डबे उघडले. यांच्या डब्यातली मेथी त्यांनी खायची, त्यांच्या डब्यातली खिचडी यांनी. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, पडेगावला, पण दर रविवारी सकाळी त्यांची जुनी निळी गाडी आमच्या गल्लीत हजर. चाचांचा स्वभाव काकांच्या उलट. जे लिहिलंय ते वाचायचं आणि तसंच करायचं.

नव्या गाडीचे पहिले हजार झाले त्या रविवारी चाचा शेडमध्ये खुर्ची टाकून गाडीचं पुस्तक वाचत बसले होते. मी भिंतीपलीकडं कपडे वाळत घालत होते, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. ऐकू आलं म्हणजे, मी ऐकलं.

"उस्ताद, दहा हजार लिखा है इधर. नक्को खोलू. वॉरंटी जाईल."

"नव्या इंजिनात लोखंडाचा चुरा असतो. तो काढायला लागतो. मला पुस्तक नको शिकवू."

"ज्यानं गाडी बनवली त्याला कळत नाय, अन् तुला कळतं?"

"व्हय! कळतं! तू चौतीस वर्षं माझ्यासमोर बसून काय शिकलास? वाचायला?"

हे मात्र चाचांना लागलं. ते उठले, फळीवरचा चौदा-पंधरा काढला आणि खिशात घातला. "आता खोल बघू कसा खोलतोस," म्हणाले, आणि गाडीत बसून निघून गेले. दोघांनाही वाटलं असणार की पुढच्या रविवारी मिटेल. नाही मिटलं. तो मागायला गेला नाही, हा द्यायला आला नाही, आणि बघता बघता सव्वा वर्ष झालं.

आता तुम्ही म्हणाल, औरंगपुऱ्याच्या बाजारात जाऊन नवा पाना आणायचा. मीही भांडणाच्या दिवशीच तेच म्हटलं. काका म्हणाले, "माझा पाना आहे की. बशीरकडं आहे." मग त्याच दुपारी मलाच पाठवून एक नवा पाना आणवला, पण तो माझ्या घरी ठेवायचा! त्यांच्या भिंतीवर दुसरा चौदा-पंधरा चालत नाही. तेव्हापासून तो पाना माझ्या मसाल्याच्या डब्याशेजारी आहे, आणि दर हजार किलोमीटरला हा एवढ्या हत्यारांचा मालक माझ्या दारात येऊन खाली मान घालून म्हणतो, "जरा पाना दे गं." पहिल्या खेपेचं ऑइल त्यांनी पारदर्शक बाटलीत भरून फळीवर ठेवलंय. "बशीर येईल तेव्हा दाखवीन. चुरा आहे त्यात." बाटलीलासुद्धा पिवळी रेघ मारलीय.

मी एकदा चिडून म्हटलं, "काका, एक फोन करा ना!" तर म्हणाले, "त्यानं नेलाय. त्यानं आणावा." मी मनात म्हटलं, मरा दोघं.

मागच्या गुरुवारी औरंगपुऱ्यात सुतळीच्या दुकानात बशीरचाचा दिसले. वाळले होते. दाढी पांढरी झाली होती. चाची जाऊन तीन वर्षं झाली, घरात एकटेच.

"अरे बेटी! तू इधर?" म्हणाले. सामान बांधायला सुतळी घेत होते. मुलगा नांदेडला असतो, त्यानं हट्टच धरला होता. रविवारी सकाळी नऊला निघायचं, कायमचं. घर भाड्यानं दिलं होतं.

"काकांना माहीतय?" मी विचारलं.

"नको सांगू. जाऊ दे." मग सुतळीचं बंडल उगाच इकडून तिकडं फिरवत राहिले. शेवटी विचारलं, "उस्तादनं जागा भरली का गं? चौदा-पंधराची?"

"नाही. तशीच आहे."

"तशीच?" चाचा हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "पाना आहे बरं का माझ्याकडं. व्हॅसलीन लावून, फडक्यात गुंडाळून. त्यानं एकदा मागू दे, लगेच देतो. पण मागायला पाहिजे ना त्यानं."

हे म्हातारे एका पान्यापायी एकमेकांचं तोंड न बघता लांब जाणार होते. "नको सांगू" असलं काही मी ऐकत नसते. रिक्षातून उतरले ती थेट शेडमध्ये. चपलाही जागेवर काढल्या नाहीत.

काका फडक्यानं पकड पुसत होते. मी सगळं सांगितलं. ते पुसतच राहिले. मान वर न करता म्हणाले, "कशानं जाणार?"

"त्यांच्या निळ्या गाडीनं. मुलगा न्यायला येतोय."

"ऑइल कधी बदललं त्यानं?"

"मला काय माहीत! काका, माणूस कायमचा चाललाय आणि तुम्ही ऑइल काय विचारताय?"

त्यांनी पकड तिच्या रेघेत अडकवली. शुक्रवार गेला, शनिवार गेला. काकू म्हणाल्या, जेवण नीट नाही, नुसते शेडमध्ये जाऊन बसतात. शनिवारी संध्याकाळी काका कुठंतरी जाऊन आले. मी आशा सोडून दिली होती.

रविवारी सकाळी साडेसहाला माझ्या खिडकीखाली हॉर्न वाजला. बघते तर काका इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत, शेजारी काकू. मागच्या सीटवर रॅम्प, परात, हत्यारांची पेटी, ऑइलचा नवा कॅन आणि चाचांच्या जुन्या गाडीला बसणारा फिल्टर. "चल बस," म्हणाले.

"पाना घेऊ ना बरोबर?"

"नको," ते म्हणाले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी तशीच, केससुद्धा न विंचरता, रॅम्पशेजारी अंग चोरून बसले.

पडेगावला चाचांच्या दारात गाद्या, खोकी, बादल्या, सगळं बांधून तयार होतं. चाचा ओट्यावर बसले होते. काका उतरले. ना राम राम, ना सलाम. निळ्या गाडीखाली वाकून बघितलं.

"चालू कर पाच मिनिटं."

"कायकू?"

"नांदेडला जुन्या ऑइलवर जाणार काय? मी मेलोय का?"

"अजून दोन हजार चालतं ते. पुस्तकात..."

"पुस्तक घाल चुलीत!"

चाचांच्या मुलाला काही कळेना. मी त्याला डोळ्यानंच गप्प केलं. गाडी कोमट झाली, रॅम्पवर चढली, ठोकळे लागले. इस्त्रीच्या शर्टासकट काका गोणपाटावर पडले आणि खाली सरकले. बाहेर दिसत होते फक्त पाय. मग गाडीखालून एक हात बाहेर आला, पंजा उघडा.

"चौदा दे."

चाचा लगबगीनं आत गेले. सगळं सामान बांधून झालं होतं, पण पाना बांधलेला नव्हता. फडकं सोडून त्यांनी तो त्या हातावर ठेवला. हातानं पाना घट्ट धरला आणि तसाच धरून राहिला. थोड्या वेळानं गाडीखालून काका नाक ओढतायत असं ऐकू आलं. "धूळ लई आहे तुझ्या गाडीखाली," असंही ऐकू आलं. काकू पदरानं डोळे पुसत होत्या आणि मी तर उघड रडत होते.

ऑइल बदलून झाल्यावर काकांनी ती बाटली काढली. डिकीत होती! चाचांनी ती उन्हात धरून उलटी-सुलटी केली.

"किधर है चुरा?"

"खाली बसलाय. हलव."

"हलवली की. काय नाय त्यात."

"तुला दिसत नाय. चष्मा बदल."

"तुझं डोस्कं बदल!"

पंधरा मिनिटं दोघं त्या बाटलीवरून भांडले, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! निघायच्या वेळी चाचांनी पाना नीट पुसला, दोन्ही हातांनी पुढं केला. "घे उस्ताद. तुझी अमानत."

काकांनी हात मागं घेतले. "ठेव तुझ्यापाशी."

"अरे, पण तुझी जागा..."

"राहू दे. कधी आलास तर घेऊन ये. स्वतः यायचं. कुरियरनं पाठवलास तर मी सही करणार नाय, सांगून ठेवतो."

चाचांनी पाना परत फडक्यात गुंडाळला. मग काकांच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि इस्त्रीच्या शर्टाचं जे व्हायचं राहिलं होतं तेही झालं.

सोमवारी बँकेतल्या नोकरीवरून मी घरी आले तर काका शेडमध्ये स्टुलावर चढून भिंतीवरची तीच एक आकृती नव्यानं पिवळी रंगवत होते. बाकीच्या रेघा फिक्या पडल्यात, त्यांना हात लावला नव्हता.

"काका, रिकाम्या जागेला कशाला रंग?" मी विचारलं.

त्यांनी ब्रश थांबवला नाही. "रिकामी कुठाय? पाना नांदेडला गेलाय," ते म्हणाले. "येईल."